निळ्या तुकड्यांना अस्तर

मित्रांनो, मी एक जुनी भट्टी आहे. स्वयंपाकाशी माझा काही संबंध नाही, मी काच वितळवते. पोटात पांढऱ्या विटा, विटांच्या खाचांत तापणाऱ्या तारा आणि डोक्यावर जड झाकण, एवढाच माझा संसार. नवी होते तेव्हा कारखान्यातला कारागीर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला होता, "ही दमाची आहे." तेवढंच काय ते कौतुक. पुढे काचकाम शिकवणाऱ्या बाईंच्या तळघरात आले आणि तिथेच म्हातारी झाले. आता झाकण कुरकुरतं, एक तार कधीच मेली आहे. कुणाचं लक्ष असेल तर शपथ.

माझ्याकडे येतात ते सगळे शिकाऊ. त्यांतच एक वयस्कर शिंपीकाका आले. त्यांची बायको नुकतीच गेली होती. तिची आवडती निळी फुलदाणी मुलीच्या हातून फुटली, आणि तेव्हापासून मुलगी धड जेवत नव्हती, बापाशी बोलत नव्हती. त्या तुकड्यांचा वाडगा करून तिच्या हातात द्यायचा, म्हणजे पोरीच्या मनावरचं ओझं उतरेल, असा काकांचा बेत.

बाईंनी बजावलं, "काका, हे तुकडे एकमेकांनाच जोडायचे. दुसरी काच मिसळू नका. प्रत्येक काचेचं आकसणं वेगळं असतं."

काकांनी मान डोलावली. पण जन्मभराची सवय जाते कुठे? जुनं, विरलेलं कापड त्यांनी कधी अस्तराशिवाय शिवलं नव्हतं. निळे तुकडे पातळ वाटले, तशी बाईंची पाठ वळताच त्यांनी खाली साध्या काचेचा एक गोल सरकवला. अस्तर म्हणून. मला कळत होतं हो, पण मला विचारतो कोण?

पहिल्या खेपेला सगळं वितळून सपाट चकती झाली. दुसऱ्या खेपेला ती मातीच्या खोलगट साच्यावर ठेवली. ऊब लागली तशी ती हळूहळू साच्यात उतरली आणि वाडगा झाला. दिसायला देखणा. पण निवताना अस्तर एकीकडे ओढत होतं आणि निळी काच दुसरीकडे. ती ओढाताण माझ्या पोटात चालली होती.

झाकण उघडलं तेव्हा मुलगीही आली होती. "तूच उचल," काका म्हणाले. तिने दोन्ही हातांनी अलगद उचलला, जराशी हसलीसुद्धा. तेवढ्यात टक्कन आवाज झाला आणि वाडग्याची दोन भकलं झाली.

"बाबा, परत माझ्याच हातात," ती म्हणाली.

"तुझी चूक नाही गं. मी खाली अस्तर लावलं होतं." काकांनी फुटलेल्या कडेवर बोट ठेवलं. बाईंनी तिच्या हातातला एक तुकडा उजेडाकडे वळवून तिला साध्या काचेचा थर दाखवला. "कुणीही उचलला असता तरी हेच झालं असतं, बाळा."

मुलीने तिकडे पाहिलंही नाही. "फुलदाणी फुटली त्या दिवशी तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, बाबा. नुसते तुकडे वेचत बसलात."

तिने दोन्ही तुकडे साच्यात ठेवले आणि जिना चढून निघून गेली.

मित्रांनो, मला घाईने तापवू नका, माझी तार बदला, हे तर मी सांगणारच. पण त्याआधी एक ऐका. घरात कुणाच्या हातून काही फुटलं, तर तुकडे मागाहून वेचा. आधी त्या माणसाशी बोला. काका अजूनही येतात. काच कापत नाहीत, काही करत नाहीत. माझ्याजवळ स्टुलावर बसून, लेकीला जे सांगायचं राहिलं ते मला सांगत असतात.