घाईची उपकारस्तुती

त्याच्या सलूनात कात्री कमी चालायची आणि जीभ जास्त. केस वाढायच्या आधीच गिऱ्हाइकं यायची, नुसतं ऐकायला. मग अर्धांगवायूचा झटका आला. सहा महिन्यांत हात परतला, पाठोपाठ पाय परतला. वाचा काही परतली नाही. तीन वर्षं झाली. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी बायको त्याला आरशासमोर बसवते आणि म्हणते, "म्हणा, पा." तो नुसती फुंकर सोडतो. "बरं, उद्या," ती म्हणते. देवावर रुसवा नाही, नवऱ्यावर राग नाही. पेरलेल्या वाफ्यावरून हात फिरवावा तसं ते 'उद्या'.

त्यांच्या चर्चच्या ओसरीत एक फळा आहे. डावीकडे लिहिलंय 'वाट पाहतो', उजवीकडे 'मिळालं'. मागणं चिठ्ठीवर लिहून डावीकडे टाचायचं. देवानं दिलं की ज्याची त्यानं चिठ्ठी उजवीकडे न्यायची. फळ्याची राखण प्रार्थनामंडळाच्या ताईंकडे. ताईंचा विश्वास डोंगराएवढा, धीर मात्र चिमणीच्या घोटाएवढा. "प्रभूची वेळ अचूक असते गं, थांबायला शीक," हे त्या सगळ्यांना सांगत. दुसऱ्याच्या दुखण्यात थांबायला काय जातं? स्वतःची दाढ ठणकली तेव्हा ताईंनी रविवारी डॉक्टरला जेवणावरून उठवलं होतं.

चर्चच्या वर्धापनदिनाला मोठे पाळक, म्हणजे वरचे धर्मगुरू, पाहुणे म्हणून येणार होते. आदल्या दिवशी ताईंनी फळा पाहिला. डावी बाजू गच्च, उजवी ओसाड. पाहुण्यांना काय वाटेल? ताईंनी देवाचं काम हलकं केलं. सगळ्या चिठ्ठ्या उचलून उजवीकडे टाचल्या.

सकाळी बायकोनं ते पाहिलं. नवऱ्याच्या वाचेसाठी टाचलेली चिठ्ठीही उजवीकडे गेली होती.

"ताई, ह्यांची चिठ्ठी इकडे कशी?"

"विश्वासानं हलवली गं. आधी आभार, मग आशीर्वाद."

"पण त्यांना बोलता येत नाही अजून."

"असं तोंडानं म्हणू नये. अविश्वास होतो."

"मग ते काही म्हणत नाहीत तेच बरं की."

ताईंना टोमणा कळला नाही. जाड कातडीला सुई टोचत नाही.

उपासनेत ताईंनी माईक घेतला आणि जाहीर केलं, "आपल्या सलूनवाल्या भाऊंना प्रभूनं वाचा दिली आहे. ते साक्ष देतील." हाक आली की उठावं, एवढंच त्या भल्या माणसाला कळलं. तो पुढे गेला. बोलण्याआधीच टाळ्या पडल्या. त्यानं तोंड उघडलं, मान ताणली, कपाळाची शीर फुगली. माईकमधून नुसती फुंकर आली. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. त्याचे कान लाल झाले. बायको लग्नापासून त्याला ओळखत होती, पण त्याला असं खाली मान घालून उभं असलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

ती उठली. त्याच्याशेजारी जाऊन तिनं माईक घेतला.

"ह्यांना बोलता येत नाही. आम्ही देवाकडे मागितलंय आणि थांबलोय. तो देईल त्या दिवशी आम्हीच येऊन सांगू. तोवर त्याच्या नावावर खोटं खपवू नका. देवाला उशीर झाला म्हणून तुम्हाला लाज वाटत असेल, तर ती तुमची लाज आहे, ताई. त्याची नाही, आमची तर नाहीच."

नवऱ्यानं मान वर केली. मधल्या वाटेनं तो सरळ ओसरीत गेला, टाचणी उपसली आणि चिठ्ठी डावीकडे लावली. अंगठ्यानं दाबून, नीट.

त्याच्यामागे एक म्हातारे मास्तर काठी टेकत आले. "माझीही काढा हो. मला म्हणे गुडघा मिळाला. जिना चढताना विचारतो त्याला."

मग एक नर्स आली. मग फोन न करणाऱ्या मुलाची आई आली. ज्यांचे हात पोचत नव्हते त्यांच्या चिठ्ठ्या तोच काढून देत होता. मोठे पाळक व्यासपीठावरून उतरले आणि खिशात पेन चाचपत रांगेच्या शेवटी उभे राहिले.

"अहो, कार्यक्रमाला उशीर होतोय," ताई म्हणाल्या.

कुणी मागे वळूनही पाहिलं नाही.