बेवारस पाखरं

अर्ज लवू पालवने स्वतःच्या हाताने लिहिला. कोणी जबरदस्ती केली नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

पंच्याऐंशी साल. मरोळ गावठाणाला चिकटून तीन नव्या बिल्डिंगी उभ्या राहिल्या होत्या. संपात गिरणी गेली तेव्हा लवूने लालबागची खोली देऊन टाकली आणि मधल्या बिल्डिंगीत तळमजल्यावर रूम-किचन घेतलं. घर झालं, पण काम नव्हतं. दीड वर्ष नुसता फिरत होता. मग गावठाणातल्या क्लेमेंटची ओळख झाली आणि क्लेमेंटने त्याला इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या आपल्या वर्कशॉपमध्ये चिकटवलं. मालकाला म्हणाला, "माझ्या जबाबदारीवर घ्या." बस, एवढंच. तेव्हापासून दोघं शेजारशेजारच्या मशीनवर. जेवायला डबे एकत्र उघडायचे. क्लेमेंटच्या डब्यातला बोंबील लवू खायचा आणि लवूच्या डब्यातली उसळ क्लेमेंट.

क्लेमेंटची आई डोरोथीबाय. तिची अकरा पाखरं होती. पांढरीशुभ्र, गुडघ्याच्या वर येणारी, लांब मानेची, आणि आवाज असा की लहान पोर झोपेतून दचकून उठावं. ती त्यांना पाखरंच म्हणायची. बिल्डिंगीतले काही जण बदकं म्हणायचे, काही हंस. आणि काही जण जे म्हणायचे ते लिहिता येणार नाही.

सकाळी साडेसातला डोरोथीबाय खुराड्याचं दार उघडायची. पाखरं एकामागोमाग एक सोसायटीच्या गेटातून आत शिरायची, सगळं कंपाउंड ओलांडायची आणि मागच्या फुटक्या भिंतीतून तळ्यावर जायची. संध्याकाळी तशीच परत. बिल्डिंगी यायच्या आधी तिथे भाताची शेतं होती आणि पाखरांचा रस्ता बांधावरून होता. बांध गेला, ते पाखरांना कोणी कळवलं नाही.

त्रास होता, खोटं कशाला बोला. सगळीकडे घाण. दूधवाला सायकल टाकून पळायचा. सोसायटीतल्या नंदकुमारच्या मुलीच्या मांडीला एका पाखराने असा चावा घेतला की आठवडाभर काळंनिळं. आणि ऑगस्टमध्ये पहिल्या मजल्यावरच्या शकुमावशी त्या घाणीवरून घसरल्या, मनगट मोडलं. मग मात्र पेटलं. पाखरं हटवा म्हणून सह्यांची मोहीम निघाली. बिल्डिंगीतल्याच उत्तरा टीचरने विरोधात दुसऱ्या सह्या गोळा केल्या. एका सांजपेपरात तिचं पत्र आलं तेव्हा अर्ध्या सोसायटीने अर्ध्या सोसायटीशी बोलणं सोडलं.

लवू सोसायटीचा सेक्रेटरी. अक्षर चांगलं म्हणून केलेला.

पाखरांवरून सोसायटीची मीटिंग ठरली, तिच्या आदल्या दिवशी डोरोथीबाय त्याच्या दारात आली. आत ये म्हटलं तरी आली नाही.

"लवू, मना सगळं कळतंय. ती म्हातारी पडली, मना वाईट वाटलं. तू उद्या सांग त्यांना, नाताळपर्यंत थांबा. दरवर्षी नाताळला मी चार कापते, यंदा नऊ कापीन. जोडी ठेवीन, ती पण कोंडून. आता कापून काय उपयोग रे, अंगावर मांस नाय त्यांच्या. तीन महिने."

"सांगतो ना बाय. काळजीच करू नको."

त्याने मनापासून सांगितलं होतं. सांगणारच होता.

दुसऱ्या दिवशी रविवार, आणि लवूच्या बापाचा म्हाळ. बाप गावी वारला तेव्हा इथे संप चालू होता. तार उशिरा मिळाली, लवू पोचला तेव्हा चितेची राख पण भरून झाली होती. यंदा तो मुंबईत पहिल्यांदा म्हाळ घालत होता. त्याची बायको प्रेमा पहाटेपासून स्वयंपाकाला लागली होती. वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, खीर, सगळं बापाच्या आवडीचं केलं. गच्चीला कुलूप आणि किल्ली चेअरमनकडे, चेअरमन विद्याधर संध्याकाळपर्यंत सासुरवाडीला. म्हणून लवूने कावळ्याचं पान कंपाउंडच्या ठेंगण्या भिंतीवर ठेवलं आणि हात जोडून लांब उभा राहिला.

एक कावळा आला. भिंतीच्या टोकावर बसला, मान वाकडी करून बघायला लागला. लवू पुटपुटला, "ये बाबा. माझा चुकला. ये."

तेवढ्यात वासावर पाखरं तळ्यावरून आली. पुढच्या नराने मान लांब करून पान खाली ओढलं. अकराच्या अकरा तुटून पडली. वडे, खीर, भात, पानाचा देठसुद्धा. कावळा उडाला तो उडालाच. प्रेमाने दुसरं पान वाढून आणलं. दुपारी तीनपर्यंत दोघं उपाशी उभे. कावळा फिरकला नाही.

"जाऊ दे," प्रेमा म्हणाली. "मुक्या जनावराक काय कळता?"

"माझ्या बापाचो घास होतो गो तो."

संध्याकाळी मीटिंग. कंपाउंडमध्येच सतरंज्या टाकल्या होत्या.

"मारायचं नाव काढाल तर बघा," उत्तरा टीचर म्हणाली. "हंस म्हणजे सरस्वतीचं वाहन."

"टीचर, तुमच्या सरस्वतीला सांगा, वाहन पार्किंगमध्ये लावू नको म्हणावं," नंदकुमार म्हणाला. सगळे हसले. शकुमावशी प्लास्टरचा हात सांभाळत हसल्या.

"आणि हंस कुठले? बदकं आहेत ती."

"मग बदक मारलं तर चालतं काय हो?"

"मावशीचं मनगट मोडलेलं चालतं काय?"

विद्याधरने हात वर केला. तो बँकेत होता, सगळीकडे त्याची ओळख. "मी म्युनिसिपालिटीच्या ऑफिसात विचारून आलोय. मालक असेल तर नोटीस, सुनावणी, वर्ष जाईल. बेवारस असतील तर आठ दिवसांत गाडी येते. अर्जात बेवारस लिहायचं."

"अहो, पण ती डोरोथीबायची..." उत्तरा म्हणाली.

"लायसन आहे तिच्याकडे? पट्टा आहे गळ्यात? मग? सेक्रेटरी, तुम्ही बोला. तुमचं जाणं-येणं आहे तिकडे."

सगळे लवूकडे बघायला लागले. तीन महिने, नऊ कापीन, जोडी कोंडीन. तीनच वाक्यं होती. तोंडात आली होती. पण खरं सांगायचं तर त्या घडीला त्याला ती पाखरं मेलेलीच हवी होती.

"मला काय माहीत नाही," लवू म्हणाला. "लिहा म्हणाल ते लिहितो."

आणि लिहिलं. 'सदर पक्षी बेवारस असून.' खाली सही.

गाडी गुरुवारी येणार हे विद्याधरने त्याला आधी सांगितलं होतं. लवूने ताप आहे म्हणून खाडा केला. क्लेमेंटच्या शेजारी मशीनवर उभं राहून घड्याळ बघत बसणं त्याला जमणार नव्हतं. क्लेमेंट सातच्या पाळीला गेला. जाताना खिडकीतून ओरडला, "लव्या, क्रोसिन घेतलीस का रे?"

पावणेआठला गाडी आली. चार माणसं, काठ्या आणि गोणपाटं. त्यांना वाटलं होतं कोंबड्यांसारखं असेल. पाखरं पळालीच नाहीत. पंख पसरून अंगावर गेली. एकाच्या हाताला चावली तसा त्याने काठी घातली, आणि मग सगळ्यांनीच घातल्या. गॅलऱ्यांतून बायका ओरडायला लागल्या, "अहो पकडा नुसती, पकडा!" शाळेची पोरं दप्तर पाठीला लावून बघत उभी होती. नंदकुमारची मुलगी सगळ्यात मोठ्याने रडत होती.

डोरोथीबाय अनवाणी धावत आली. "माझी हायेत! माझी पाखरं हायेत ती!"

"आजी, बाजूला व्हा. कागद आहे." माणसाने अर्ज पुढे केला.

तिचा चष्मा घरी राहिला होता. तिने गर्दीत बघितलं. लवू जिन्याजवळ उभा होता. तिने कागद त्याच्या हातात दिला.

"लवू, तू वाच. काय लिहिलंय बघ, आणि सांग यांना."

लवूने आपलंच अक्षर बघितलं.

"बेवारस," तो म्हणाला.

"कोणी लिहिलं?"

डोरोथीबायने लवूच्या तोंडाकडे बघितलं आणि कागद परत मागितला नाही. खाली वाकून एका पाखराची लोंबती मान तिने हातावर घेतली, पंखावरची माती पुसली आणि तेही गोणपाटात ठेवू दिलं.

पुढच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरींचे आभार मानायचा ठराव झाला. टाळ्या वाजल्या. कंपाउंड स्वच्छ होतं, ते काही खोटं नाही.

गाडी आली त्यानंतर चौथ्या दिवशी, सोमवारी, लवूचा खाडा चालूच होता तेव्हा तो गावठाणात गेला. दुपारचे साडेतीन. डोरोथीबाय ओट्यावर तांदूळ निवडत होती. तो पायरीवर बसला आणि सगळं सांगून टाकलं. पान, कावळा, बाप, मीटिंग. ती निवडत राहिली.

"तुझ्या बापाचं पान खाल्लं?"

"हो."

"कोणी? त्या मोठ्या नराने?"

"त्याने पहिल्यांदा."

"त्याच दुपारी येऊन सांगायचंस ना रे. आमची पण माणसं मेलीत, आमी पण त्यांच्या नावानं जेवण घालतो. तुझ्यासमोर मान कापली असती मी त्याची." तिने सुपातला एक खडा उचलून टाकला. "अकरा वर्षांचा होता तो. तरी कापली असती."

लवूला रडू आलं. "बाय, माझं चुकलं."

"चुकलं." तिने सूप खाली ठेवलं. "क्लेमेंट चारला येतो. तुझ्यावर लय जीव त्याचा. त्या दिवसापासून घरात बोलत नाय. तो यायच्या आत तू जा. नायतर थांब. तुझं तू बघ."

आत भिंतीवर घड्याळ होतं, पायरीवरून दिसत होतं. चाराला दहा कमी.

थांबायला हवं होतं. क्लेमेंटने दोन थोबाडीत मारल्या असत्या, आईबहिणीवरून शिव्या दिल्या असत्या, आणि मग कदाचित काहीतरी शिल्लक राहिलं असतं. लवूला हे तेव्हासुद्धा कळत होतं. तो उठला, चप्पल घातली आणि क्लेमेंट ज्या बाजूने येतो ती सोडून चर्चच्या मागून लांबच्या रस्त्याने घरी गेला.

पुढच्या महिन्यात क्लेमेंटने दुसरी पाळी मागून घेतली.