मुठीने दिलेला खो

समृद्धी मोगल मीनाला खो द्यायची तो मुठीने.

खो-खोत बसलेल्या गड्याच्या पाठीला मागून हात लावायचा, 'खो' म्हणायचं, की तो उठून पळतो. नुसता स्पर्श पुरतो. समृद्धी बाकीच्या मुलींना तसाच खो द्यायची. मीनाची पाळी आली की मूठ वळायची.

समृद्धी आमच्या शाळेच्या मुलींच्या संघाची कप्तान. वडील दिंडोरीचे मोठे द्राक्ष बागायतदार, शिवाय आमच्या संस्थेच्या संचालक मंडळावर. मीना भोये सुरगाण्याच्या आदिवासी पाड्यावरची, शाळेच्या वसतिगृहात राहणारी. मी खेळाची शिक्षिका, सविता. इतकी वर्षं नाशकात पोरी पळवतेय, पण मीनासारखी पळणारी दुसरी पाहिली नाही. तिचा गुन्हा तोच. आणि ती 'मला' न म्हणता 'माला' म्हणायची, हा दुसरा.

एकदा सरावानंतर ती शर्ट बदलत होती तेव्हा तिची पाठ मला दिसली. दोन्ही खांद्यांच्या मधोमध निळं-काळं झालं होतं.

"कोणी मारलं?"

"नाय मारला. खो दिला," मीना म्हणाली.

मी तशीच मुख्याध्यापकांकडे गेले. आमचे मुख्याध्यापक कोणतीही घाण धूत नाहीत, तिच्यावर फुलं टाकतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि डोळे चमकवत म्हणाले, "मॅडम, आपण यावर कार्यक्रम घेऊ."

झाला कार्यक्रम. 'खेळातून सहवेदना'. पुण्याहून एक प्रशिक्षक आले. पांढरे बूट, कानाला माइक. आयुष्यात मैदानाची माती त्या बुटांना लागली नसावी. त्यांनी मुलींना डोळे मिटायला लावले, खोल श्वास घ्यायला लावला, एकमेकींकडे फुगे फेकायला लावले. मग व्यासपीठावर 'सहवेदना दूत' म्हणून एक मुलगी हवी होती. मुख्याध्यापकांनी समृद्धीला निवडलं. का, तर तिचं इंग्रजी चांगलं. समृद्धीने दादागिरीविरुद्ध असं काही भाषण ठोकलं, की पहिल्या रांगेतल्या पालकांनी डोळे पुसले.

"आता ज्या मैत्रिणीला आपण कधी दुखावलं असेल, तिला मिठी मारू या!" प्रशिक्षक म्हणाले.

समृद्धी हात पसरून खाली आली, थेट मीनासमोर. फोटोग्राफरही मागोमाग आला. मीना उभी राहिली आणि एक पाऊल मागे सरकली.

"माला मिठी नको," ती म्हणाली. "हिला सांगा, पाठीत मारू नको."

मागे दोघी-तिघी 'माला, माला' करत खिदळल्या. त्यात समृद्धीची संघातली मैत्रीण सरिता पुढे होती.

प्रशिक्षकांनी 'मिठी' एवढंच ऐकलं असावं. "वा! जोरदार टाळ्या!" ते म्हणाले. टाळ्या पडल्याही. असल्या ठिकाणी पडतातच.

दुसऱ्या दिवशी मैदानावर मी समृद्धीकडून कप्तानपद काढून घेतलं आणि तिला संघाबाहेर बसवलं. संध्याकाळी मोगलसाहेबांचा फोन आला.

"मॅडम, पोरींची चेष्टामस्करी चालायचीच. एवढं काय मनावर घेता?"

"मग उद्या चेष्टेत मीही तुमच्या मुलीच्या पाठीत चार बुक्के घालते," मी म्हटलं. "चालेल?"

त्यांनी फोन आपटला. मुख्याध्यापकांनी मला बोलावून जिल्हा स्पर्धेची आठवण करून दिली. मी म्हटलं, हरू. हरण्याची त्यांना एवढी धास्ती, की त्यांनी रुमालाने कपाळ टिपलं. मीनाच्या पाठीबद्दल मात्र एका शब्दाने विचारलं नाही.

आठवडाभराने समृद्धी एकटीच मैदानावर आली. वडिलांना न सांगता आली होती. खेळाची ओढ तेवढी खरी होती तिची, हे मान्य करायला हवं.

"मॅडम, मी सॉरी म्हणते."

"सॉरी नको. व्यासपीठावर पुष्कळ बोललीस. मीनाच्या जागेवर बस. मीना, हिला खो दे."

समृद्धी चौकोनात बसली, मान आत ओढून, डोळे गच्च मिटून. मीना धावत येत होती तशी तिची पाठ कमानीसारखी ताठ झाली. मूठ कशी लागते ते तिला बरोब्बर ठाऊक होतं. सरिता खाली बघत होती.

मीनाने तळहात टेकवला. "खो."

समृद्धी उठलीच नाही. तिथेच बसून हमसून रडायला लागली.

"ऊठ ना," मीना वैतागून म्हणाली. "गडी पळून चालला."

मी समृद्धीला संघात घेतलं, कप्तानपद मात्र तिला नाही, मीनाला दिलं. जिल्हा स्पर्धेत समृद्धीने मीनाला खो दिले ते उघड्या हाताने, आणि मीनाने त्यांवर गडी बाद केले. समृद्धीचं मन पालटलं होतं की तिला फक्त जिंकायचं होतं, मला सांगता येणार नाही. मीनाची पाठ मात्र बरी झाली होती, आणि मला तेवढंच हवं होतं.

सामना जिंकल्यावर मीना नळाखाली तोंड धूत होती. समृद्धी मोबाइल घेऊन तिच्याकडे गेली.

"ये ना, सेल्फी काढू दोघींचा."

मीनाने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं, तिच्याकडे एकदा पाहिलं.

"तुझा तू काढ," ती म्हणाली, आणि बसकडे निघून गेली.

समृद्धी माझ्याकडे पाहू लागली, मी काहीतरी समजूत काढीन म्हणून. मी संघाच्या पिशव्या भरत राहिले.