पाच गड्यांची वहिनी

बाकीच्या सगळ्या कॅसेटी न्या, पावणं. मारामारीच्या, देवाधर्माच्या, रडक्या, सगळ्या पेटीसकट न्या, धंदा मोडलाय मी. फक्त ती एक खाली ठेवा. न्हाय, भाव वाढवायला म्हणत न्हाय. ती द्यायची न्हाय म्हणजे न्हाय. खराबबी न्हाय ती, एकदाच लावलीया, आणि तीबी पुरती न्हाय. बसा. आत चहा टाकलाय, तोवर सांगतो. न्हायतर बाहेर जाऊन म्हणाल, सयाजी खुळा झालाय.

त्र्याऐंशी साली मी ह्या धंद्यात पडलो. तवा घरात व्हिडिओ आणायचा म्हणजे वास्तुशांतीला बोलवावं तशी गल्ली गोळा व्हायची. रंगीत टीव्ही गादीत गुंडाळायचा, टेंपोत घालायचा, व्हीसीआर लीलाच्या मांडीवर द्यायचा, आणि चालले आम्ही उचगावला, न्हायतर हातकणंगल्याला. लीला म्हणजे माझी बायको. मशीन तिच्या मांडीवर द्यायचं कारण ती हलायची न्हाय. बोलायचीबी न्हाय. चंदगडची, चौथी शिकलेली. आमच्या लग्नाला अकरा वर्षं झालती, पोरबाळ न्हाय, आणि एवढ्या वर्षांत मी तिच्या तोंडचं काय ऐकलं असंल तर 'पाणी तापलंय' आणि 'वाढू काय'. मला वाटायचं, हिला बोलायलाच काय सुचत न्हाय. बरंच हाय म्हणायचो. मी तापट माणूस, कुणी दोन शब्द जास्त बोललं की माझं डोकं फिरायचं.

तर माझ्या एका दोस्ताचा मेव्हणा मस्कतला होता. त्यानं पोरांच्या आठ कॅसेटी पाठवल्या. कार्टून. पाच जण, अंगाला घट्ट बसणारे रंगीत कपडे, एक उडतोय, एक भिंतीतनं पार होतोय, एकाच्या हातातनं जाळ निघतोय. पाची मिळून जग वाचवत्यात. एका कॅसेटीचं दुसरीला जोडलेलं, गोष्ट पुढं पुढं जाणारी. पण सगळं इंग्रजीत. मला इंग्रजीतलं 'प्ले' आणि 'स्टॉप' कळतंय, तेबी बटणावर लिहिलेलं असतंय म्हणून.

आमच्या गल्लीतल्या तालमीचा हॉल रविवारी सकाळी नऊनंतर रिकामा असायचा. केरबा वस्तादांना विचारलं. वस्ताद म्हणजे तालमीचे जुने पैलवान, सत्तरी गाठलेली, कान मुरगळलेले, कमी बोलणारे. म्हणाले, "लाव. पण पोरांना घटकाभर एका जागी बसवून दाखव."

पहिल्या रविवारी पन्नासभर पोरं आली. दहा मिनिटं डोळे फाडून बघितलं, मग चुळबूळ सुरू. इंग्रजी कळतंय कुणाला? एकानं शेंगांची टरफलं फेकली, दुसऱ्यानं त्याचे केस ओढले. माझं डोकं तापाय लागलं. पुढं बसलेली कालिंदी म्हणून एक आठ-नऊ वर्षांची पोरगी होती, तिनं लीलाला विचारलं, "काकी, त्यो निळा काय म्हणतोय?"

लीला टीव्हीशेजारी स्टुलावर बसायची, वायरीत कुणी पाय घालू नये म्हणून. ती हळूच म्हणाली, "त्यो म्हणतोय, सकाळधरनं पोटात काय न्हाय, उडू कसा?"

पोरं हसली. "मग?" म्हणाली. लीलानं माझ्याकडं बघितलं, मग पडद्याकडं, आणि सुरू झाली.

पावणं, ती बाई दीड तास बोलली. माझी बायको. पाचींना नावं दिली. थोरला, जाळ्या, भिंतफोड्या, मुकी आणि धाकटा. सगळी एका घरची भावंडं केली. आमचं घर खासबागेच्या मागं, कुस्त्यांचं मैदान असलं की भोंग्यावरचं बोलणं तिच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. ते सगळं तिच्या डोक्यात बसलंतं. जाळ्यानं राक्षसाचा पट काढला, थोरल्यानं ढाक लावली, राक्षसाला आस्मान दाखवून चितपट केलं. मागं भिंतीला टेकून बसलेले केरबा वस्ताद मांडीवर थाप मारून म्हणाले, "डाव बरोबर सांगितला पोरीनं."

पुढच्या रविवारी दीडशे पोरं. तालमीच्या खिडकीत बसून बघत्यात. सगळ्या गल्लीत 'पाच गडी, पाच गडी'. आणि खरं सांगतो, पोरं गड्यांसाठी येत नव्हती. लीलासाठी येत होती.

त्या कार्टूनमध्ये एक बाई होती. गड्यांचं घर एका डोंगराच्या पोटात, आणि तिथं भिंतीतल्या काचेत ही बाई दिसायची. निळसर चेहरा, कधी हसायची न्हाय. गडी यायचे, तिच्याशी दोन शब्द बोलायचे आणि उडून जायचे. ती कधी बाहेर पडायची न्हाय. लीलानं पोरांना सांगितलं, "ही वहिनी. थोरल्याची बायको. पाचींचं सगळं हिला ठाऊक. कोण कुठं पडलाय, कुणाला लागलंय, कोण उपाशी गेलाय." मग गडी कमी आणि वहिनी जास्त व्हाय लागली. पोरं तिची वाट बघायची. काचेत चेहरा दिसला की हॉल गप्प.

घरातबी बदल झाला. शनिवारी दुपारी लीला म्हणायची, "उद्याची थोडी लावा की, बघून ठेवते." ती बघायची आणि मग बोलत राहायची. चंदगडच्या पावसाचं सांगायची, आठ-आठ दिवस एसटी येत न्हाय ते सांगायची. तिच्या बानं काजूचे बोंडू पिळून दारू काढल्यावर आईनं भट्टी कशी फोडली ते सांगताना ती एवढी हसली की मला ठसका लागला. अकरा वर्षं हे सगळं कुठं होतं, असं माझ्या मनात आलं. आलं आणि गेलं. मला धंदा वाढवायचा होता.

पाचव्या रविवारी एक गोष्ट झाली. गडी आले, वहिनीला काय तरी सांगितलं आणि निघाले. काचेतली बाई नुसती बघत राहिली, काय बोलली न्हाय. लीला बोलली. म्हणाली, "वहिनी म्हणतीया, तुम्ही येता, काम सांगता, जाता. तू कशी हाईस म्हणून मला कुणी विचारलंय काय?"

केरबा वस्तादांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. आणि मी? चित्राला रेघा आल्यात म्हणून ट्रॅकिंगचं बटण फिरवत बसलो.

त्याच दिवशी माधव सर भाच्याला न्यायला आले होते. हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. दारात थोडा वेळ थांबले, ऐकलं, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "सयाजीराव, लीलावहिनींचं सांगणं गमतीदार आहे, पण सगळं चुकीचं आहे हो. ती भावंडं नाहीत. राक्षस राक्षस नाही, तो शास्त्रज्ञ आहे. मुलांच्या डोक्यात भलतंच बसतंय. तुम्ही नीट सांगितलंत, तर मी आमच्या शाळेत शो लावून देतो. सातशे मुलं."

चूक सरांची न्हाय, ते वाईट नव्हते. पण 'चुकीचं' हा शब्द माझ्या कानात घुसला. माझी बायको चारचौघांत चुकीचं सांगतीया आणि मी शेजारी उभा हाय, असं मला वाटलं. मला लाज वाटली, पावणं. कुणाची, तर तिची. मी म्हणालो, "सर, सातव्या कॅसेटीला तुम्हीच या. तुम्हीच सांगा."

लीलाला मी सांगितलं न्हाय. सांगतो, सांगतो म्हणत आठवडा गेला, त्यातल्या रविवारी तिनं सहावी कॅसेट सांगितली, तरी माझं तोंड उघडलं न्हाय. त्याच्या पुढच्या शनिवारी तिनं सातवी थोडी लावून बघितली आणि म्हणाली, "उद्या वहिनी लई बोलणार हाय. तुम्ही बटणं फिरवत बसू नका, ऐका."

मी म्हणालो, "बरं."

रविवारी तिनं दिवाळीचं लुगडं नेसलं होतं. आम्ही मशीन जोडलं, पोरं भरली, आणि सर आले. मी लीलाला म्हणालो, "आज तू बस. सर सांगणार हाईत." ती स्टुलावरनं उठली आणि पोरांत खाली जाऊन बसली. सर टीव्हीशेजारी उभे राहिले, स्वच्छ सांगाय लागले. कोण कुठल्या देशाचा, कुठल्या प्रयोगात कुणाला काय शक्ती मिळाली. पोरं शाळेत बसल्यासारखी हाताची घडी घालून ऐकत होती.

काचेत निळा चेहरा आला. कालिंदी म्हणाली, "वहिनी आली. वहिनी काय म्हणतीया?"

सर हसले. "कुठली वहिनी? अगं, ती बाई नाहीच. ते यंत्र आहे, संगणक. त्याला फक्त चेहरा दिलाय. त्याला मन नाही, काही नाही. विचारलं तेवढंच उत्तर देतं."

क्षणभर कुणाला कळलं न्हाय. मग मागनं एक पोरगं ओरडलं, "काकीनं मशीनला वहिनी केलं!" आणि सगळा हॉल हसला. दीडशे पोरं. पोरांचं काय, ती हसणारच. कालिंदी तेवढी हसली न्हाय, आणि केरबा वस्ताद.

मी हसलो. हे सांगायलाच एवढा वेळ घेतला मी. सरांना बरं वाटावं म्हणून हसलो, पोरं हसली म्हणून हसलो, काय म्हणून हसलो मला अजून कळत न्हाय. लीला पोरांच्या मधे बसली होती. तिनं मागं वळून बघितलं, आणि मागं दाराशी मी हसत होतो.

शो संपल्यावर तिनं नेहमीसारख्या वायरी गुंडाळल्या, मशीन मांडीवर घेतलं. घरी आल्यावर मी म्हणालो, "सरांनी चांगलं सांगितलं, न्हाय काय?" ती म्हणाली, "व्हय." मग थोड्या वेळानं, "पाणी तापलंय."

पुढच्या रविवारी वीस पोरं आली. त्यातली निम्मी खिडकीतनं डोकावून विचारत होती, काकी कुठाय. काकी घरी होती. मी शो लावलाच न्हाय. शाळेचं म्हणाल तर सरांनी खटपट केली, पण हेडमास्तर नको म्हणाले. केरबा वस्तादांनी हॉलची किल्ली परत मागून घेतली. रागावले न्हाईत, एवढंच म्हणाले, "तिला परत बसवशील तवा ने."

मी लीलाला म्हणालो, चल. ती म्हणाली, "नको." कालिंदी दारात येऊन बसायची. "काकी, वहिनीचं पुढं काय झालं?" लीला तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची आणि म्हणायची, "सरांना इचार, बाळ." मी एकदा सरळ सांगितलं, माझं चुकलं. मी आयुष्यात कुणाला असं म्हटलेलं न्हाय, बापालाबी न्हाय. ती भाकरी थापत होती. "असू दे की," म्हणाली. "त्यात काय." चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं, मी दोन शिव्या खाल्ल्या असत्या.

मग एका दुपारी मी ही कॅसेट लावली. आठवी. शेवटची. तिला म्हणालो, बस जरा. बसली. डोंगराला आग लागलेली, पाची गडी कुठं तरी अडकलेले. काचेत ती एकटी. आणि ती बोलाय लागली. आधी कधी एवढी बोलली नव्हती. पाच मिनिटं नुसतं तोंड हलतंय, मधेच थांबतीया, पुन्हा बोलतीया, आणि चेहऱ्यावरचा उजेड कमी कमी होत चाललाय. ती कुणाला बोलत होती? थोरल्याला? निरोप देत होती, का शिव्या? मला एक अक्षर कळंना. मी आवाज वाढवला, पार पडद्याला कान लावला, पावणं, खोटं कशाला सांगू. एका यंत्रासाठी.

मी लीलाला विचारलं, "काय म्हणतीया गं वहिनी?"

ती पडद्याकडं बघत होती. तिला काय तरी सुचलं होतं, मी शपथेवर सांगतो, ओठ हललेले मी बघितले. मग ती म्हणाली, "मला काय म्हाईत." आणि उठली. "वाढू काय?"

मी 'स्टॉप' दाबलं. त्याला आता चार वर्षं झाली.

सर रस्त्यात भेटत्यात, म्हणत्यात, आणा ती कॅसेट, शेवट सांगतो तुम्हाला. मी न्हाय म्हणतो. सर जे सांगतील ते बरोबरच असंल. पण मला बरोबर नको हाय. ती काय सांगणार होती ते पायजे, सातव्या कॅसेटीचं आणि आठवीचंबी. अजून वाटतंय, एखाद्या दिवशी म्हणंल, लावा की जरा. म्हणून एक टीव्ही आणि एक मशीनबी ठेवलंय मागं, ते तुम्हाला दावलं न्हाय.

हा आला चहा. घ्या. लीला, हे पावणं कॅसेटी न्यायला आल्यात. ही शेवटचीबी मागत्यात. देऊ काय?

"देऊन टाका की. आपल्याला कुठं इंग्रजी येतंय."

ऐकलंत? गेली आत. तुम्ही चहा घ्या, निवंल. आणि ती कॅसेट द्या इकडं माझ्याकडं.