सातचा पट्टा

चॅपल गल्लीत रीस आडनावाची दोन घरं होती आणि दोन्ही घरांतून एकेक ग्विलिम लढाईवर गेला होता. गावाला त्याची कधी अडचण वाटली नाही. कार्डिफला पगारी गोलरक्षक होता तो ग्विलिम गोल; भट्टीवाल्याचा मुलगा तो ग्विलिम पाव. पण सैन्याच्या तारेत टोपणनावं नसतात.

तार पोस्टातल्या नेस्टानं स्वतःच उतरवून घेतली होती. ती घेऊन ती सकाळीच एबन मास्तरांच्या स्वयंपाकघरात आली. दोन्ही ग्विलिम त्यांच्याच शाळेतले.

"शिपाई जी. रीस, क्रमांक ४२०१४६१, इटलीत कामी आला," तिनं हळू आवाजात वाचलं. "पत्ता श्रीमती रीस, चॅपल गल्ली. घराचा नंबरच नाही. कुणाचं दार वाजवू, मास्तर?"

"दोघींनाही मुलाचा नंबर विचार."

"हातात तार घेऊन? मग विचारायचं काय राहिलं? मला इथं येताना गल्लीनं पाहिलंय. लवकर बोला."

खिडकीतून घासणीचा खरखर आवाज येत होता. समोर ग्विलिम गोलची आई, कॅट्रिन, दाराची पायरी घासत होती.

मास्तरांनी चहाच्या डब्यातून ग्विलिम गोलचं पत्र काढलं. वर त्याचा नंबर होता. ४२०१४६ पर्यंत स्वच्छ. दोघं एकाच सकाळी, एकाच रांगेत भरती झालेले. फरक असलाच तर शेवटच्या आकड्यात. आणि तिथंच एक तिरकी काठी होती, वर चोच काढलेली.

"हा एक की सात?" नेस्टानं विचारलं. "तुम्हीच शिकवलंत ना?"

"मी शिकवलं, तो शिकला नाही. इंग्रजी एक आणि सात जन्मभर जुळे काढले त्यानं. लक्ष सगळं खिडकीबाहेरच्या चेंडूवर."

बाहेरची खरखर थांबली. नेस्टानं श्वास रोखला. बादलीत पाणी ओतल्याचा आवाज झाला आणि खरखर पुन्हा सुरू झाली.

मास्तरांनी पत्र वाचायला घेतलं. ओळीवरून बोट सरकत होतं. 'मास्तर, इथले लोक सातच्या कमरेला आडवा पट्टा बांधतात. आता मीही बांधतो. हे तुम्ही आधीच शिकवलं असतंत तर माझे कान वाचले असते. रविवारी चिखलात सामना झाला. मी 7 गोल अडवले, 1 सुटला.'

त्या सातला पट्टा होता. मास्तरांनी वरचा नंबर पुन्हा पाहिला. शाई पुसली असेल म्हणून कागद उजेडाकडे धरला, उलटा करून पाहिला. पट्टा असावा, एवढंच त्यांना हवं होतं. आणि तो असता तर पलीकडच्या पावभट्टीत काय झालं असतं, हेही त्यांना कळत होतं.

"एक आहे," ते म्हणाले.

नेस्टा एकटी निघाली होती. मास्तरांनी टोपी घेतली.

दोघं बाहेर आले तेव्हा पलीकडच्या दारात ग्विलिम पावची आई उभी होती, हात पिठानं भरलेले. कॅट्रिन गुडघ्यांवरून उठली. दोघी आधी एकमेकींकडे बघत राहिल्या, मग नेस्टाच्या हातातल्या कागदाकडे.

"कुठला, मास्तर?" कॅट्रिननं विचारलं.

मास्तरांनी नंबर पाठ केला होता. तो कामाला आला नाही.

"गोल," ते म्हणाले.

तिनं घासणी बादलीत ठेवली. पिठाचे हात पुसायचं विसरून दुसरी आई गल्ली ओलांडत होती.

"या आत," कॅट्रिन म्हणाली. "पायरी ओली आहे. बघून पाय टाका."