चढावरची शिट्टी

ख्रिसमसच्या भेटींवरचा कागद इस्त्री करून पुढच्या वर्षासाठी जपून ठेवणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा शेजारी आहे. इडवाल त्याचं नाव. आमच्या खोऱ्यातल्या कोळशाच्या खाणी बंद झाल्या तेव्हा बाकीचे पुरुष पबमध्ये बसून सरकारला शिव्या घालत होते. इडवालनं एक जुनी व्हॅन घेतली आणि तो दारोदार भाजी विकायला लागला. तेव्हापासून त्याच्या हातात दर वेळी जुनीच गाडी आली. आताची ही डिझेलची पांढरी व्हॅन शेवटची, आणि घेतली तेव्हाच ती म्हातारी होती.

त्याची बायको नेस्टा गेल्या वर्षीपासून वरच्या घरात असते. वरचं घर म्हणजे आमच्या टेकडीच्या माथ्यावरचं, विसरभोळ्या म्हाताऱ्यांना सांभाळणारं घर. तिथल्या स्वयंपाकघरात मी काम करते. वर जाणारी बस बंद झाली तेव्हा इडवाल म्हणाला, "बेरिल, मी रोज जातोच आहे, चल माझ्याबरोबर." तेव्हापासून मी त्या व्हॅनमधे कोबीच्या वासात बसून कामाला जाते.

त्या व्हॅनचं वर्णन काय करायचं? सपाटीवर बरी चालायची. चढ लागला की मागून काळा धूर, आणि पुढून, इंजिनात हवा नेणारी रबरी नळी चिरलेली होती तिथून, शिट्टी. आधी बारीक, मग वळणावर जोर लागला की अशी कर्कश की माझ्या दातांना झिणझिण्या यायच्या. इडवालनं त्या चिरेवर कितीतरी वर्षं चिकटपट्टी गुंडाळली होती. पट्टी सुटायची, तो नवी गुंडाळायचा. नवी नळी घ्यायचं मात्र त्याच्या मनात आलं नाही. चालतंय ना, म्हणायचा.

आम्ही फाटकातून आत शिरायच्या आधीच नेस्टा खिडकीत उभी असायची. तिथली नर्स कार्लिन मला सांगायची, की म्हातारी खुर्चीत गप्प बसलेली असते, आणि एकदम उठून केस सारखे करते आणि म्हणते, इडवाल आला. मग इडवाल आत जायचा आणि ती त्याला झापायची, बूट पुसलेस का म्हणून. तो बूट पुसायचा. तासदोन तास ती त्याची बायको असायची. लग्नाचा फोटो दाखवला तर त्यातला नवरा तिला ओळखता यायचा नाही, मुलीचं नावही गेलं होतं, पण दारातून आत आलेला इडवाल तिला रोज कळायचा.

"चेहऱ्याबिहऱ्यावर नाही गं तिचं ओळखणं," इडवाल मला म्हणायचा. "मी तिला आतून कळतो."

हे सांगताना तो इतका खूष असायचा की मी माझी जीभ आवरायची. आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं. माझा नवरा जाऊन खूप काळ झाला, आणि असं कुणाला आतून कळणं मला हवंहवंसं वाटायचं.

जानेवारीत व्हॅननं मान टाकली. चढाच्या मध्यावर ती थांबली ती थांबलीच. मागे गाड्यांची रांग, भोंगे, मी खाली उतरून लोकांना हात दाखवतेय आणि इडवाल उलट्या गिअरमधे सगळी टेकडी उतरतोय, अशी वरात निघाली. आठवड्यात पुन्हा तेच झालं. त्या दिवशी मी पायी वर गेले, पण इडवालचा गुडघा त्या चढाचा नाही. नेस्टा दिवसभर खिडकीशी बसली. जेवण तसंच परत आलं. दुसऱ्या दिवशी हे मी त्याला सांगितलं, कारण त्यानं विचारलं.

गॅरेजवाल्यानं व्हॅन पाहिली आणि हसला. दुरुस्तीला जेवढे लागतील तेवढ्यात दुसरी येईल म्हणाला. इडवालनं टोपी घातली आणि गाडी घरी आणली.

"मी करतो," तो म्हणाला. "फुकटात करतो."

पुढचे पंधरा दिवस आमच्या मागच्या गल्लीत तमाशा होता. मी भाज्यांचं रिकामं खोकं उपडं घालून त्यावर बसायची, चहा प्यायची आणि त्याला टोमणे मारायची. त्यालाही त्याशिवाय काम सुचत नसावं. आधी त्यानं गाडी रिकामी केली. धंदा बंद होऊन तीन वर्षं झाली तरी आत लोखंडी मांडण्या होत्या, वजनकाटा होता, बटाट्यांची कुजून माती झालेली पोती होती. अर्धा टन ओझं घेऊन ती बिचारी चढत होती. मी म्हटलं, अरे, तुझ्या व्हॅनला इंजिन नाही, संयम आहे. मग त्यानं टायरमधे हवा भरली. मागचं एक चाक उचलून फिरवलं तर ते फिरेचना, ब्रेक धरून बसला होता. म्हणजे इतके दिवस आपण ब्रेक दाबून टेकडी चढत होतो, मी म्हटलं. तो ब्रेक त्यानं सोडवला. हवेचा फिल्टर काढला तर त्यात अख्खं चिमणीचं पीस निघालं. इंजिनाच्या तोंडाशी धुराची काजळी डांबरासारखी साचली होती, ती त्यानं नेस्टाच्या जुन्या दात घासायच्या ब्रशनं दोन दिवस खरवडली. तोंड काळं, हात काळे, आणि मधूनच शीळ घालत होता. खाणीतून वर यायचा तेव्हा असाच दिसायचा.

कामागणिक गाडी थोडी सुधारत होती. पण अजून वळणावर दम लागत होता. शेवटी तो भंगारवाल्याकडे गेला, तिथं त्याच जातीची एक अपघातातली व्हॅन पडली होती, आणि तिची रबरी नळी त्यानं काढून आणली. बदल्यात आपला वजनकाटा देऊन आला. चिरलेली नळी तिथंच ढिगावर फेकली.

त्या दुपारी आम्ही वर निघालो. काय सांगू, ती व्हॅन पाण्यासारखी चढली. धूर नाही, धाप नाही, वळणावर तिसऱ्या गिअरमधे. इडवाल माझ्याकडे बघून हसत होता, आणि मी पहिल्यांदाच त्याचं तोंडभरून कौतुक केलं. एक पैसा न खर्चता, हे त्यानं मला चारदा ऐकवलं.

खिडकीत कुणी नव्हतं.

बाथरूममधे असेल, असं म्हणून तो आत गेला. मी मागोमाग गेले, कारण स्वयंपाकघर त्याच वाटेवर आहे. नेस्टा खुर्चीत होती. तिनं वर पाहिलं आणि मऊ आवाजात विचारलं, "कुणाकडे आलात तुम्ही?"

"नेस्टा, मी आहे."

"बसा ना," ती म्हणाली. "पण माझा नवरा येईल एवढ्यात. त्याला परकी माणसं घरात आवडत नाहीत."

तो बसला. बूट न पुसता बसला, आणि ती त्याला काही बोलली नाही.

एखादा दिवस वाईट असतो, हे आम्हाला ठाऊक होतं. पण दुसऱ्या दिवशी तेच झालं आणि तिसऱ्याही. कार्लिन त्याला बाजूला घेऊन म्हणाली की हा आजार पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो, आणि नेस्टा एक पायरी खाली गेली असेल. कार्लिन चांगली मुलगी आहे, ती खोटं बोलत नव्हती. इडवालनं मान डोलावली आणि तो घरी जाऊन झोपला. मला वाटलं, हा आता येणं सोडतो की काय.

सोडलं नाही. पुढच्या आठवड्यात आम्ही वर जात होतो, आणि घराच्या खालच्या वळणावर त्यानं गाडी एकदम बाजूला घेतली. काच खाली केली.

"बेरिल, मेंढ्या ऐकू येतायत."

"मग? टेकडीवर मेंढ्या नाही तर काय हत्ती असणार?"

"इथं कधी ऐकू आल्या होत्या?"

मीही कान दिला. तो दोन्ही हात चाकावर ठेवून समोर बघत होता. मागची गाडी भोंगा वाजवून पुढे गेली.

"ती मला ओळखत नव्हती," तो म्हणाला. "ती त्या नळीला ओळखत होती. नळी वाजली की तिला वाटायचं, आता जो आत येईल तो इडवाल."

मी म्हटलं, असं काही नसतं, वेडा आहेस. पण मला कळलं होतं की तसंच आहे. मला त्या मेल्या नळीचा इतका राग आला, की सांगता येत नाही.

भंगाराचा तो ढीग तोवर दाबून लॉरीतून गेला होता. इडवालनं मग नवी नळी सुरीनं चिरली. ती शिट्टी वाजवेना, नुसती फुसफुसली आणि चढावर सगळा धूर मागे निघाला. चीर लहान केली, पट्टी गुंडाळली, पट्टीला भोक पाडलं. फुसफुस, फडफड, एकदा तर बदकासारखा आवाज. ज्या माणसानं फुकटात गाडी नीट केली होती, तो आता तीच गाडी बिघडवायला दुसरी नळी दुकानातून कोरी विकत घेऊन आला, आणि किमतीबद्दल एक शब्द बोलला नाही. ते पाहून मला भीती वाटली.

शेवटी एके दिवशी तो तिच्या खिडकीखाली उभा राहिला आणि तोंडानं शिट्टी वाजवायला लागला. बारीक सुरुवात करून वर नेत नेत, अगदी तश्शी. मला तर ती हुबेहूब वाटली. सगळ्या खिडक्यांत म्हातारे जमा झाले. नेस्टा खिडकीशी आली, तिनं खाली पाहिलं आणि कार्लिनला म्हणाली, "कुणी मवाली शिट्ट्या मारतोय बघ. इडवाल आला ना, की त्याची गचांडी धरेल."

मी स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर गेले आणि त्याला दंडाला धरून आत आणला. चहा दिला. पुरे कर, म्हटलं. नळी नीट लाव, आणि बायकोला भेटायला येतोस तसा ये. कोण म्हणून येतोस ते तिला ठरवू दे. मी हे जरा मोठ्यानं बोलले, कारण माझा आवाज फुटत होता.

त्यानं ऐकलं. नळी नीट लावली. रोज यायचा, दारावर टकटक करायचा, बसू का विचारायचा. नेस्टा नवरा यायच्या वेळेची काळजी करत करत त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारायची.

मार्चमधे ऊन पडलं तेव्हा कार्लिन म्हणाली, तिला जरा बाहेर फिरवून आणा. आम्ही तिघं पुढच्या सीटवर बसलो, मी मधे. इडवालनं डोंगरावरचा रस्ता धरला. तिथून दोन्ही खोरी दिसतात. त्याच्या कुठल्याच व्हॅननं तो चढ कधी चढला नव्हता. लग्नानंतर नेस्टा त्याला म्हणायची म्हणे, एकदा वर ने मला, आणि तो म्हणायचा, नवी गाडी घेतली की. आता हीच म्हातारी गाडी कुठंही न थांबता वर गेली. आम्ही खाली पाहत बसलो. नेस्टानं हात मांडीवर नीट ठेवले होते आणि ती खूप आनंदात होती.

"किती छान चालते तुमची गाडी," ती माझ्या पुढून वाकून त्याला म्हणाली. "आवाज सुद्धा नाही. आमच्या ह्याची म्हणजे नुसतं किंचाळणं. सगळ्या खोऱ्याला कळतं, आला म्हणून."

इडवालनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"तुम्ही जरा शिकवाल का त्याला? तो हाताचा चांगला आहे, पण चिकट फार. तुम्ही सांगितलंत तर ऐकेल."

"शिकवतो," इडवाल म्हणाला.

"मग आम्हालाही इथं येता येईल," ती म्हणाली. "त्याला फार आवडेल हे."

थोड्या वेळानं तिची चुळबुळ सुरू झाली. उशीर झाला, तो येऊन दारात उभा असेल, मी घरी नसले की तो जेवत नाही. इडवालनं लगेच गाडी वळवली. वरच्या घराच्या दारात त्यानं तिला हात देऊन उतरवलं, आणि तिनं त्याचे परक्या माणसाचे मानतात तसे आभार मानले. मी तिला वर खोलीत नेली. कोट काढायला सुद्धा ती थांबली नाही, सरळ खिडकीशी गेली आणि केस सारखे केले.

खाली इडवालनं गाडी सुरू केली. ती तिच्या डोळ्यांसमोरून फाटकाकडे गेली, आणि नेस्टानं मला गप्प राहायची खूण केली, कारण ती रस्त्याकडे कान लावून ऐकत होती.