उगाच वाजणारा धातुशोधक

मित्रांनो, मी एक जुना धातुशोधक आहे. बेंगळूरच्या एका घरात पोटमाळ्यावर असतो आणि बटण दाबलं की उगाच वाजतो, अशी माझी बदनामी आहे. त्या ‘उगाच’चीच ही गोष्ट.

माझे धनी गुंडूराव टेलिफोनच्या कारखान्यात कारागीर. त्यांचा आठ महिन्यांचा मुलगा गेला, तेव्हा रीतीप्रमाणे त्याला तळ्याच्या बांधाशी पुरलं. त्याच्या एका पायात चांदीचा वाळा तसाच राहिला. दुसरा आईनं, भागीरथीबाईंनी, जपून ठेवला. पुढे १९६८ साली तळं बुजवून तिथे साइटी, म्हणजे घरांचे प्लॉट, पाडायचं ठरलं. खुणेचं झाड केव्हाच तुटलं होतं.

“अहो, कुणीतरी त्याच्यावर घर बांधेल. आणा ना त्याला घरी,” बाई म्हणाल्या.

म्हणून मी जन्मलो. लाकडी कड्यावर तांब्याच्या तारेचं वेटोळं, वर वेताची काठी, कानाला लावायला हेडफोन. मी जमिनीत विजेचे ठोके सोडतो. आत धातू असला तर क्षीण उत्तर येतं. ती उत्तरं गोळा करून आवाज काढणारी दोन विद्युतमंडळं गुंडूरावांनी मला जोडली. एक लहान कंडेन्सरचं, उतावळं, खिळा लागला तरी कोकलणारं. दुसरं मोठ्या कंडेन्सरचं, सावकाश. पुष्कळ उत्तरं साठल्याशिवाय ते तोंड उघडत नसे, आणि धातू दूर गेला तरी थोडा वेळ गुणगुणत राही. घरातला वाळा अंगणात पुरून दोघांची परीक्षा झाली. खोलवरचा वाळा फक्त सावकाश मंडळाला ऐकू आला.

“अण्णा, ते सुस्त आहे, काढून टाका,” कारखान्यातले स्नेही त्रिविक्रम म्हणाले. गुंडूरावांनी दोन्ही ठेवली.

एका सकाळी नवराबायको बांधावर गेली. उतावळ्यानं गंजके डबे दाखवून जीव नकोसा केला. मग गुंडूरावांनी बटण सावकाश मंडळाकडे फिरवलं. एके जागी बाई जवळ आल्या आणि मी गुणगुणू लागलो. त्यांचा चेहरा उजळला.

“स्वल्प थांब,” गुंडूराव म्हणाले. “तुझी जोडवी वाजत असतील.”

सवाष्णीनं जोडवी काढायची नसतात. बाईंनी काढली आणि लांब दगडावर ठेवली. आवाज उतरू लागला. ऐकलेलं धरून ठेवायची माझी खोड. हा जोडव्यांचाच आवाज तर मी धरून बसलो नाही ना, अशी मला माझीच भीती वाटली. आवाज उतरत गेला, पण संपला नाही. अगदी बारीक असा उरलाच.

त्यांनी तिथे हातांनी उकरलं. बाईंनी काळा पडलेला वाळा मातीसकट ओंजळीत घेतला.

“किती गार झालाय हो,” एवढंच म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी दोन्ही वाळे माझ्या वेटोळ्याला आतून चिंधीनं बांधले. तेव्हापासून बटण दाबलं की मी वाजतोच.

मध्यंतरी त्रिविक्रमांनी मला लावून पाहिलं. “अण्णा, याची दोन्ही मंडळं गेली. समोर काही नसताना वाजतो.”

“सरी, ठीक आहे,” म्हणत गुंडूरावांनी मला इथे वर ठेवलं. मात्र सेल ते न सांगता बदलतात.

मित्रांनो, जुनं यंत्र मोडीत काढण्याआधी ते का वाजतं, हे एकदा पाहा. मला तर दुरुस्तच करू नका. दुपारी सगळं घर निजलं की बाई शिडी चढून येतात, हेडफोन कानाला लावतात, आणि मी वाजतो.